जाहकाचा चातुर्मास

नेदरलँड्समध्ये ऑक्टोबर लागला, की लहान मुलांच्या कोटाचे खिसे जड व्हायला लागतात. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासले नाहीत, तर मशीन खडखडायला लागतं आणि शेवटी आतून रानचेस्टनट, ओकची टोपीवाली फळं, बीचची टरफलं असा सगळा ऐवज बाहेर येतो. ज्यांच्या घरी चार ते सात वर्षांचं मूल आहे, त्या मंडळींना हे नव्यानं सांगायला नको. यातला अर्धा माल शाळेत शरद ऋतूसाठी मांडलेल्या टेबलावर जातो आणि उरलेला आपल्या घरी मुक्कामाला येतो.

१९८५ साली इथे बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करून आठ गटांची एकच शाळा केली. पण पहिल्या दोन गटांचा कारभार अजून बालवाडीचाच आहे. अक्षरं आणि आकडे यांची घाई नाही. आधी कात्री, गोंद, माती आणि रंग. या सगळ्याला डचमध्ये एकच शब्द आहे, ‘क्नुत्सेलन’. मराठीत हस्तकला म्हणावं तर ते फार शिस्तीचं वाटतं. ‘काय उद्योग करून ठेवलास!’ असं आपल्या आया म्हणायच्या, त्यातला ‘उद्योग’ हा आम्हांला सर्वांत जवळचा शब्द वाटतो.

तर नोव्हेंबरमधला ठरलेला उद्योग म्हणजे ‘विंटरस्लाप’, प्राण्यांची हिवाळी झोप. चेस्टनटच्या काटेरी टरफलाचा प्राणी करायचा, त्याला पानांखाली निजवायचं. कापसाच्या गुहेत पुठ्ठ्याचं अस्वल ठेवायचं. खरं तर या देशात रानटी अस्वल उरलेलं नाही. अस्वलं पाहायची तर ऱ्हेनेनच्या प्राणिसंग्रहालयात जावं लागतं. तिथे १९९३ पासून सर्कशीतून वगैरे सोडवलेल्या अस्वलांसाठी एक जंगलच राखलेलं आहे. शिवाय अस्वलाची झोप ही काही अस्सल शीतनिद्रा नव्हे. त्याच्या अंगाचं तापमान थोड्याच अंशांनी उतरतं, आणि अस्वलीण तर ऐन हिवाळ्यात गुहेतच बाळंत होते. अस्सल झोपाळू प्राणी आपल्या परसात असतो. त्याचं डच नाव ‘एखल’.

आम्ही राहतो आइंडहोवनला. दोघंही इंजिनिअर, डेल्फ्टला मास्टर्स करायला म्हणून आलो आणि इथलेच झालो. आमच्या भागातली दहा-अकरा मराठी मुलं महिन्यातून दोनदा रविवारी सकाळी एका भाड्याच्या हॉलमध्ये जमतात आणि पालक आळीपाळीनं त्यांना मराठी शिकवतात. गेल्या वर्षी नोव्हेंबरची पाळी आमची होती. मुलं शाळेत जे करतात तेच मराठीतून करायचं, म्हणजे विषय ओळखीचा आणि शब्द तेवढे नवे, असा आमचा साधा हिशेब.

पण पहिल्याच शब्दाला गाडी अडली. एखलला मराठीत काय म्हणायचं? बहुतेक पालक म्हणाले, साळिंदर. पण साळिंदर म्हणजे ते लांबलचक, काळ्यापांढऱ्या काट्यांचं, सह्याद्रीत मुळं कुरतडत हिंडणारं जनावर. ते उंदरांच्या गोतावळ्यातलं. एखल वीतभर लांबीचा, किडे, गोगलगायी आणि गांडुळं खाणारा. दोघांत नातं काट्यांपुरतंच. शब्दकोशात ‘जाहक’ असा शब्द मिळाला. आमच्यापैकी कोणीही तो आयुष्यात उच्चारला नव्हता. मुलांना मात्र तो एकदम आवडला, बहुधा ‘जा’ म्हणून हाक मारल्यासारखा वाटतो म्हणून असेल.

आता एक घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या वर्गाच्या पंधरा-सोळा दिवस आधी साताऱ्याला मुलांचे आजोबा गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. आमच्यातलं एक जण मिळेल त्या विमानानं साताऱ्याला गेलं, दुसरं मुलांजवळ राहिलं. त्या दिवसांत फोन सतत स्पीकरवर असायचा आणि विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला आजी एकच वाक्य सांगत होती, ‘काही त्रास झाला नाही हो, झोपेतच गेले.’ आपल्याकडे हे वाक्य दिलासा म्हणून सांगतात आणि ऐकणाराही ‘पुण्यवान माणूस’ म्हणून मान हलवतो. आमची पाच वर्षांची धाकटी शेजारी बसून चित्र रंगवत होती. तिनं ते वाक्य ऐकलं आणि तिच्या परीनं लावलं, हे आम्हांला वर्गातच कळलं.

वर्गासाठी आम्ही तीन उद्योग ठरवले होते. पहिला कणकेचा जाहक. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ आणि मळायला लागेल तेवढं पाणी. चार वर्षांच्या मुलालाही गोळा वळता येतो, एका बाजूला चिमटा काढला की नाक होतं. डोळ्यांना मिरे. काट्यांसाठी टूथपिक वापरतात, पण लहानांच्या हातात टोकदार काड्या नकोत म्हणून आम्ही सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. खऱ्या जाहकाच्या पाठीवर पाच-सहा हजार काटे असतात म्हटल्यावर एका मुलानं त्रेपन्न बिया लावल्या आणि दमून बसला. एका आईला आपल्या लहानपणच्या वाढदिवसांतलं चीज आणि अननसाचे तुकडे टोचलेलं कोबीचं साळिंदर आठवलं. असे शब्द आणि आठवणी कणीक मळता मळता आपोआप निघतात, त्यासाठी वेगळा धडा लागत नाही.

दुसरा उद्योग खोक्याचा. बुटाच्या दोन रिकाम्या खोक्यांपैकी एकात मुलांनी वेचून आणलेली वाळकी पानं ठासून भरली, दुसरं रिकामंच ठेवलं आणि त्याचं झाकणही काढून टाकलं. जॅमच्या दोन सारख्या बरण्यांत चाळीस अंशांचं पाणी भरून एक बरणी पानांत पुरली, दुसरी उघड्या खोक्यात ठेवली, आणि दोन्ही खोकी बाहेर अंगणात नेली. बाहेर आठ अंश. पाऊण तासानं स्वयंपाकाच्या थर्मामीटरनं बघितलं तर उघड्यावरच्या बरणीत पंचवीस अंश, पानांतल्या बरणीत पस्तीस. ज्यांना आकडे कळत नव्हते त्यांनी बरण्यांना हात लावून पाहिला. ‘पानं गरम आहेत!’ असं एक जण ओरडला. तेव्हा पानांत हात घालायला सांगितलं. पानं गारच होती. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही, ही गोष्ट आम्हांला मोठेपणी वर्गात गणितं सोडवून शिकवली होती. ती पाच वर्षांच्या मुलाच्या तळहाताला कळली.

पण इतकं पुरत नाही. पानं कितीही भरली तरी बरणी हळूहळू निवतेच. जाहकाच्या अंगाचं तापमान एरवी पस्तीस अंशांच्या आसपास असतं. ते पाच महिने तसंच राखायचं तर रोज खायला हवं, आणि थंडीत किडे मिळत नाहीत. मग तो काय करतो? तो आतला थर्मोस्टॅटच खाली करतो. हे इथल्या मुलांना पटकन कळतं. २०२२ साली गॅसचे भाव भडकले तेव्हा सरकारनं थर्मोस्टॅट एकोणीसवर ठेवा म्हणून मोहीम काढली होती, आणि तेव्हापासून घरोघरी त्या गोल चकतीवरून आईबाबांची भांडणं चालू आहेत. जाहक एकोणीसवर थांबत नाही. तो जवळजवळ बाहेरच्या गारव्याइतका, अगदी पाच अंशांपर्यंत, निवतो. पाणी गोठायची वेळ आली तर मात्र साठवलेली चरबी थोडी जाळून तेवढ्यापुरता बचाव करतो. हिवाळ्यात काही वेळा जागाही होतो. वसंतात बाहेर येतो तेव्हा वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा खर्च झालेला असतो.

बरण्या बाहेर निवत होत्या तेव्हा मुलं आपापल्या कणकेच्या जाहकावर पानं पांघरत होती. ‘हा आता झोपला. मार्चमध्ये उठेल,’ असं आम्ही म्हणालो. धाकटीनं पान हातातच धरलं आणि विचारलं, ‘आजोबा पण मार्चमध्ये उठणार का?’

हॉलमध्ये एकदम शांतता. मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. टेबलाच्या पलीकडच्या सहा वर्षांच्या मुलानं डचमध्ये सरळ सांगून टाकलं, ‘मेलेले उठत नाहीत.’ इथल्या शाळेत मुलांशी या विषयावर आडपडदा न ठेवता बोलतात. त्याच्या आईनं त्याला गप्प केलं, पण तो काही खोटं बोलला नव्हता.

आमचा तिसरा उद्योग डबा वाजवण्याचा होता. तो आम्ही तिथेच, लगेच काढला. मुलांनी आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजले. मग जागा असलेला जाहक. त्याचं हृदय मिनिटाला एकशे नव्वद वेळा पडतं, त्या वेगानं स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवून बघा, कोणालाच जमत नाही. नुसता गोंगाट होतो. मग झोपलेला जाहक. मिनिटाला वीस. म्हणजे एक ठोका, मग मनात एक, दोन, तीन, आणि पुन्हा एक ठोका. सगळ्यांनी मिळून तो वाजवला. इतका सावकाश, की मधल्या वेळात वाटावं, संपलं आता. श्वास तर त्याचा कधी कधी काही मिनिटं दिसतही नाही. हात लावला तर गार. पण ठोका येतो.

आम्ही तिला म्हणालो, ‘जाहक झोपला तरी त्याचा ठोका चालू असतो. फार हळू, पण चालू असतो. म्हणून तो उठतो. आजोबांचा ठोका थांबला. ते झोपले होते तेव्हा थांबला, म्हणून आजी झोपेतच गेले म्हणते. ठोका थांबला की माणूस मरतं, आणि मग ते उठत नाही.’ तिनं डबा पुढे ओढला. एकदा वाजवला, मनात तीन मोजले, पुन्हा वाजवला. मग चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ वाट पाहत बसली. नंतर थोडी रडली आणि तिनं उरलेली पानं जाहकावर घातली.

त्या रात्री आम्ही दोघं शब्दांवर बोलत बसलो. शाळेच्या पुस्तकांत ‘शीतनिद्रा’ असतं, जाडजूड ग्रंथांत ‘शीतनिष्क्रियता’. हा दुसरा शब्द आपण जिभेला जड म्हणून हसण्यावारी नेतो. पण तोच जास्त खरा आहे. ही आपल्यासारखी झोप नव्हे, खर्च कमी करून तग धरणं आहे. पाच वर्षांच्या मुलाला निष्क्रियता सांगता येणार नाही, हे खरं. झोप म्हणायला हरकत नाही, पण मग त्या झोपेत काय चालू असतं तेही दाखवायला हवं. नुसतं पांघरूण घालून, गाणं म्हणून विषय संपवला, तर मुलाच्या मनात झोप, गारठा, मातीखाली जाणं आणि परत येणं यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. ज्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे तिथे तर नाहीच.

आपल्या गोष्टींत लांब झोपेला तोटा नाही. कुंभकर्ण सहा महिने झोपायचा हे मुलांना माहीत असतं, आणि ढोल वाजवून त्याला उठवण्याचा खेळ आम्ही पुढच्या वर्गात खेळलोच. मात्र खेळ झाल्यावर सांगितलं, की जाहकाला असं उठवायचं नाही. गार अंग पुन्हा पस्तीस अंशांवर आणायला त्याला खूप चरबी जाळावी लागते, आणि ती त्यानं वसंतापर्यंत पुरवायची असते. देवांचंही तसंच. आषाढी एकादशीला विष्णू झोपतो आणि कार्तिकी एकादशीला उठतो. गंमत अशी, की कार्तिकी साधारण नोव्हेंबरात येते. पंढरपूरला देव उठतो, तेव्हा इथे जाहक झोपायच्या तयारीला लागलेला असतो. ‘म्हणजे त्यांची ड्यूटी बदलते,’ असं आमचा थोरला म्हणाला. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांच्या गावात वाढलेला मुलगा!

आजीला आम्ही व्हिडिओवर सगळे जाहक दाखवले. ती म्हणाली, ‘आपल्याकडे थंडीची नाही, उन्हाळ्याची झोप.’ मग तिनं बेडकांची गोष्ट सांगितली. उन्हाळा तापला, ओल आटली, की बेडूक मातीत खोल जाऊन बसतो. मृगाचे एक-दोन दणदणीत पाऊस झाले की एका रात्रीत सगळं शिवार डरांव डरांव करायला लागतं. मोठ्या बेडकांचे नर त्या दिवसांत लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवतात. गोगलगायही कोरड्या दिवसांत शिंपल्याच्या तोंडाला पडदा लावून आत बसून राहते. कारण दोन्हीकडे एकच. खायला-प्यायला नाही तेव्हा धावपळ करायची नाही. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. इतक्यात धाकटी म्हणाली, ‘आजी, बेडूक उठतो. आजोबा नाही उठणार ना?’ पडद्यावर आजी क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘नाही गं बाळा. आजोबा नाही उठायचे.’ इतक्या दिवसांत तिनं ते पहिल्यांदाच त्या शब्दांत म्हटलं असावं. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, ‘बरं, तो पिवळा बेडूक काढून पाठव मला.’ चित्र गेलं, ते साताऱ्याच्या फ्रिजवर अजून आहे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी सुचवावंसं वाटतं ते मास्ट्रिख्टच्या सिंट पीटर्सबर्गचं. तिथली भुयारं निसर्गानं केलेली नाहीत, माणसांनी शतकानुशतकं मऊ चुनखडीचे चिरे कापून कोरलेली आहेत. आत बारा महिने साधारण दहा अंश, म्हणून वटवाघळं हिवाळा काढायला तिथे येतात. लिओ बेल्स नावाच्या संशोधकानं नेदरलँड्समधल्या वटवाघळांना पंधरा वर्षं कड्या घालून केलेला अभ्यास १९५२ साली प्रसिद्ध झाला. अजूनही दर हिवाळ्यात स्वयंसेवक विजेऱ्या घेऊन, आवाज न करता, झोपलेली वटवाघळं मोजतात. वासनारच्या वाळूच्या टेकड्यांत दुसऱ्या महायुद्धातले जर्मन बंकर आहेत, त्यांतही ती असतात. सैनिकांसाठी ओतलेलं काँक्रीट आज वटवाघळांच्या उपयोगी पडतंय, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

ज्यांच्याकडे चार हात का होईना बाग आहे, त्यांनी एवढं करावं. ऑक्टोबरात सगळी पानं झाडून पोत्यांत भरू नयेत. एका कोपऱ्यात, दिवाळीचा किल्ला करतो तशा हौसेनं, पानं आणि फांद्यांचा ढीग मुलांकडून करून घ्यावा. कुंपणाला खाली तेरा सेंटिमीटरची चौकोनी फट ठेवावी, म्हणजे जाहक या बागेतून त्या बागेत जाऊ शकतो. पसरट थाळीत पाणी ठेवावं. दूध मात्र देऊ नये. नागपंचमीच्या दुधासारखाच तो प्रकार, आपलं समाधान होतं आणि त्याचं पोट बिघडतं. ऐन थंडीत दिवसाउजेडी एखादा लहानखुरा जाहक धडपडताना दिसला, तर तो बहुधा संकटात असतो. तेव्हा त्याला घरी पाळायला न घेता जवळच्या जाहक-निवाऱ्याला फोन करावा. झोपेत जाताना त्याचं वजन निदान अर्ध्या किलोच्या आसपास हवं. त्याहून हलकी पिल्लं पुष्कळदा पहिला हिवाळा काढू शकत नाहीत. हेही मुलांना सांगायला हरकत नाही. सगळे उठतात असं आपण सांगायचं आणि एखादा उठला नाही, की मूल आपल्याकडे बघतं.

फेब्रुवारीत शाळेत पालकांची दहा मिनिटांची भेट असते. धाकटीच्या बाई म्हणाल्या, की सकाळी मुलं गोल करून बसतात तेव्हा हिनं सगळ्या वर्गाला जमिनीवर हातानं ठोके वाजवून जाहकाचं हृदय ऐकवलं, आणि मग माझ्या आजोबांचं असं होत नाही, ते गेले, हेही सांगितलं. एक-दोघांनी आपल्या मेलेल्या मांजराबद्दल आणि पणजीबद्दल सांगितलं. बाईंना ते ठोक्यांचं इतकं आवडलं, की पुढच्या वर्षीच्या विषयात त्या ते घेणार होत्या. फक्त हा झोपलेला प्राणी ‘जाहक’ का, हे त्यांना कळलं नव्हतं. पोरीनं सगळं डचमध्ये सांगितलं, तो एक शब्द तेवढा मराठीत ठेवला होता.

यंदाही नोव्हेंबरची पाळी आम्ही मागून घेतली आहे. कणीक आणि मीठ आम्ही आणू, पानं मुलं आणतीलच. डबा आणि चमचा मात्र प्रत्येकानं घरून आणावा.